आधी लेखसूची छापा, मग कोश

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संज्ञानशास्त्राचा, ज्याला हल्ली सगळे कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात त्याचा, एक मोठा मराठी कोश व्हावा असा लेख आला होता. लेखकाची कळकळ पटली, योजना पटली नाही. इंग्रजीतला एखादा नावाजलेला कोश निवडायचा, नोंदी प्राध्यापकांमध्ये वाटून द्यायच्या, अनुवाद करून घ्यायचे आणि अकारविल्हे खंड काढत जायचं, असं त्यांनी सुचवलं आहे. मी नागपुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. स्ट्रोकनंतर वाचा गेलेली माणसं, उशिरा बोलायला लागलेली मुलं, तोतरेपणामुळे मुलाखतीत अडकणारे तरुण, यांच्यात माझा सगळा काळ गेला. स्मृती, भाषा, लक्ष, आकलन हे या शास्त्राचे विषय माझ्यासमोर रोज खुर्चीत येऊन बसत. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पत्राला कात्री लावावी लागली तर शेवटच्या मागणीला, म्हणजे आधी नोंदींची यादी छापा या मागणीला, लावू नका, एवढीच विनंती.

अनुवादाने काय होतं ते आधी सांगते. वाचाघात, म्हणजे अफेजिया, झालेल्या माणसाला वस्तूंची नावं आठवतात का हे पाहायला बोस्टन नेमिंग टेस्ट नावाची एक चाचणी सर्रास वापरतात. साठ रेखाचित्रं, सोप्याकडून अवघडाकडे. सुरुवात पलंग, झाड, पेन्सिल अशी, आणि पुढे प्रेट्झेल, हार्प, बीव्हर, इग्लू. काटोलकडचा संत्र्याचा बागायतदार समोर बसला आहे, लकवा मारून महिना झाला आहे, आणि आपण त्याला प्रेट्झेलचं चित्र दाखवतो आहोत. तो गप्प. आता हे गप्प बसणं मेंदूला इजा झाली म्हणून, की प्रेट्झेल त्याने जन्मात पाहिलं नाही म्हणून? चाचणीचा कागद दोन्हीला शून्यच देतो. अमेरिकन माणसांसाठी केलेल्या चाचणीला दोष देण्यात अर्थ नाही. ती जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी विचार करायला हवा.

आम्ही मग आपापली चित्रं काढून घेतली. उखळ, सूप, कंदील, वखर, तिफन. वखराचं चित्र पुढे केलं की हाच माणूस हाताने जमिनीवर ओढल्यासारखं करून दाखवायचा, डोळे मोठे करायचा, शब्द काही फुटायचा नाही. मग मी नुसता 'व' तोंडातून काढायचा, पुढचं बोलायचं नाही. थोडा वेळ जायचा आणि एकदम 'वखर' बाहेर पडायचा. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "बाई, याईले सारं समजते, तोंडातूनच निंगत नाही." एवढ्या वाक्यात अर्धी नोंद आली. वस्तू कळते, तिचा वापर आठवतो, अर्थापासून आवाजापर्यंतची वाट तेवढी अडली आहे, आणि पहिला आवाज हाती दिला की ती मोकळी होते. याच माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नसे, पण गणपतीची आरती सुरू करून दिली की कडव्यामागून कडवं म्हणायचा. एक ते वीस आकडेही. आणि रागावला की शिव्याही अगदी स्वच्छ. घरच्यांना वाटतं सोंग करतो आहे. पाठ झालेलं बोलणं आणि मनातून जुळवून केलेलं बोलणं एकाच इजेने सारखं बिघडत नाही, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. पण नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या सुनेला हे मराठीतून वाचायला मिळावं, म्हणजे ती सासऱ्यावर खेकसायची थांबेल, अशी सोय आजही नाही. माझ्या मते कोश सगळ्यांत आधी तिच्यासाठी हवा.

याच विषयात थोडं खोल जाते, कारण अनुवादाची खरी अडचण इथेच दिसते. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि बोलण्याचं काम तिथे चालतं असं म्हणून डाव्या बाजूच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवलं. हे कुठल्याही कोशात येईल, यायलाच हवं. त्या प्रकारच्या वाचाघातात इंग्रजी बोलणारा रुग्ण प्रत्यय गाळतो, तुटक शब्द ठेवत जातो. हिब्रूसारख्या भाषेत प्रत्यय काढून उरलेला तुकडा शब्दच राहत नाही. तिथले रुग्ण गाळण्याऐवजी भलताच प्रत्यय लावतात. मग मराठीचं काय? 'घोडा'ला 'ला' लागताना आधी 'घोड्या' व्हावं लागतं. रुग्ण 'घोडाला' म्हणेल, 'घोड्या'वर थांबेल, की 'घोडा' म्हणून सोडून देईल? 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला', यात क्रियापद पोळीच्या आणि आंब्याच्या मागे जातं. इंग्रजीत तसं काही नसल्यामुळे इंग्रजी नोंदीत हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो, आणि मुळात नाही ते अनुवादात येणार कुठून? मराठी कोशातली वाचाघाताची नोंद नेमकी इथून सुरू व्हायला हवी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'मराठीत काय पाहिलं गेलं, काय पाहायचं आहे' असा एक परिच्छेद सक्तीचा करा. पीएच.डी.साठी विषय शोधत फिरणाऱ्या मुलांचेही श्रम वाचतील.

दोन भाषांची नोंद तर नागपूरइतकी चांगली कुठे लिहून होणार? घरात मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी, आणि गडचिरोलीकडून आलेला असेल तर मनात गोंडी, जी द्राविड कुळातली, मराठीशी रक्ताचं नातं नसलेली. स्ट्रोकनंतर यातली कोणती भाषा आधी परत येते? फ्रान्समधल्या रिबो या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं, जी सर्वांत आधी शिकली ती. पित्र या फ्रेंच डॉक्टरने १८९५ मध्ये सांगितलं, आजारपणाआधी जी सर्वांत जास्त वापरात होती ती. दोन्ही नियमांना भरपूर अपवाद सापडले आहेत. इतवारीतल्या एका मराठी दुकानदाराची हिंदी आधी परत आली. त्याची बायको माझ्याकडे रडली. "पस्तीस वर्षांचा संसार, आणि आता मला 'आप बैठिये' म्हणतात." तिला समजावताना मी रिबो-पित्रांची नावं अर्थातच घेतली नाहीत, पण गल्ल्यावर बसून दिवसभर कोणती भाषा तोंडात होती एवढं विचारलं, आणि तिचं तिलाच उमगलं.

शाळेकडे वळते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस'च्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला. पुस्तकाच्या गणित समितीच्या मंगला नारळीकर बाईंनी आपली बाजू शांतपणे मांडली, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. दोन्हीकडून बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होतं की एकक आधी आणि दशक नंतर बोलणं जर्मनमध्येही आहे, आणि ऐकलेला आकडा लिहिताना जर्मन बोलणारी मुलं त्यामुळे अंकांची अदलाबदल करतात हे तिकडे मोजलं गेलं आहे. आपल्याकडे तर वर 'एकोणतीस', म्हणजे तिसातून एक वजा. मी पुस्तकाच्या बाजूची की विरोधी, हे इथे महत्त्वाचं नाही. वाद झाला तेव्हा शिक्षकाला उघडून बघता येईल असं एक पान मराठीत असतं तर निदान अस्मितेआधी अंकांवर बोलणं झालं असतं. वाचनाचंही तेच. 'पिशवी'तली वेलांटी आपण आधी लिहितो आणि उच्चारात ती 'प'नंतर येते. देवनागरी वाचताना या उलटापालटीमुळे वेळ जातो का, यावर हिंदी वाचकांवर प्रयोग झाले आहेत. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, ओळखण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली, त्यात मराठी आहे. किती शिक्षकांना हे ठाऊक आहे?

आता खंडांच्या हिशेबाकडे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचं काम सुरू झालं ते आपल्या नागपुरात, ज्ञानकोश मंडळाची कंपनी इथलीच. पुढे बिऱ्हाड पुण्याला गेलं, त्याबद्दल आपण नागपूरकर अजून अधूनमधून हळहळतो. शेअर विकून भांडवल उभं केलं आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड बाहेर काढले. पण मला त्यांच्या उरकापेक्षा आखणीचं जास्त कौतुक आहे. पहिले पाच खंड नुसते प्रस्तावनेचे. आधी वाचकाला जग, इतिहास, विज्ञान यांची ओळख करून द्यायची आणि मग अ पासून नोंदी. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी प्रेसने संज्ञानशास्त्राचा जो एकखंडी कोश काढला, त्यात ४७१ नोंदींच्या आधी सहा लांब निबंध आहेत: तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकीय बुद्धिमत्ता, भाषा, आणि संस्कृती-उत्क्रांती. केतकरांनी ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. मराठी कोशातही असे निबंध आधी हवेत, आणि ते एकेकाच व्यक्तीने, एकहाती लिहिलेले हवेत.

अकारविल्हे खंडांना माझा साफ विरोध आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी जे केलं त्याला तोड नाही, आणि आता तो संकेतस्थळावर आहे, नोंदी अद्ययावत करण्याचं कामही चालू आहे. पण त्याच काळात आमच्या विषयात काय झालं ते बघा. १९७६ मध्ये जिवंत माणूस विचार करत असताना त्याच्या मेंदूत रक्त कुठे जास्त धावतं हे दाखवणारं एफएमआरआय तंत्र नव्हतं, ते १९९० नंतर आलं. वर उल्लेखलेला १९९९ चा कोश आला तेव्हा आजची यांत्रिक भाषा-मॉडेलं कोणाच्या स्वप्नात नव्हती. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि 'भाषा म्हणजे काय, समज म्हणजे काय' हा तत्त्वज्ञांचा प्रश्न धरमपेठेतल्या कट्ट्यांवर पोचला. अशा विषयात 'अफेजिया' आज आणि 'स्मृती' वीस वर्षांनी छापायची म्हणजे कोश पुरा होईपर्यंत अर्धा रद्दीत जाणार. त्यापेक्षा विषयाचे गट पाडा. भाषा आणि वाचा हा एक गट पुरा करून संकेतस्थळावर टाका, मग स्मृती, मग मुलांचं शिकणं. प्रत्येक नोंदीखाली ती केव्हा लिहिली आणि केव्हा तपासली याची तारीख द्या.

तारखेचा आग्रह का, तर एक उदाहरण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर हे या शास्त्राचा जन्मदिवस ११ सप्टेंबर १९५६ मानत. त्या दिवशी एमआयटीतल्या एका परिसंवादात नेवेल-सायमन यांचा तर्क करणारा संगणकीय कार्यक्रम, चॉम्स्की यांचं व्याकरण आणि मिलर यांची स्मृतीची मर्यादा हे सगळं एकत्र आलं. माणूस एका वेळी किती गोष्टी लक्षात ठेवू शकतो याचा मिलर यांचा 'सात, अधिक-उणे दोन' हा आकडा आपल्या स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत आजही छापला जातो. पण २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुरावे मांडले की उजळणी आणि गटबांधणीला वाव दिला नाही तर मर्यादा चारच्या आसपास येते. गाइडला हे माहीत नाही. शिवाय २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा संयुक्त उपक्रम झाला, आणि जेमतेम ३६ टक्क्यांत मूळ निष्कर्षासारखा ठोस परिणाम मिळाला. म्हणून प्रत्येक नोंदीत हेही लिहिलेलं हवं की ही गोष्ट किती पक्की आहे: अनेकांनी पडताळलेली, वादातली, की एकाच प्रयोगावर उभी.

कोशाचा एक गट भ्रमांना वाहिलेला असावा. आपण मेंदूचा दहाच टक्के वापरतो. डाव्या मेंदूची माणसं, उजव्या मेंदूची माणसं. अमुक मूल 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे पाहून शिकणारं, तमुक 'ऑडिटरी', म्हणजे ऐकून शिकणारं. शिकवण्याची पद्धत अशी मुलागणिक जुळवली तर फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, हे २००८ मध्येच आढावा घेऊन सांगितलं गेलं आहे, तरी आपल्या शाळांच्या शिक्षक-प्रशिक्षणात हे अजून तोऱ्यात शिकवतात. आणि ते मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन! मध्यमेंदू जागा करून मुलांना डोळे बांधून पाहायला शिकवतो म्हणणारे वर्ग. माझ्या एका नातलगाने मुलीला अशा वर्गात घातलं, फी चांगली घसघशीत. मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखायची, सगळे टाळ्या वाजवायचे. मी तिच्या नाकाच्या बाजूने बोट घालून पाहिलं. पट्टी आणि गाल यांच्यात फट, आणि मुलगी पत्ता धरायची तो बरोबर त्या फटीखाली. फटीत कापूस भरला आणि चमत्कार संपला. मुलगी बिचारी हुशार, तिने फसवलं असंही म्हणवत नाही, मोठ्यांना जे हवं होतं ते तिने दिलं. मध्यमेंदूला त्याची कामं आहेत, डोळ्यांच्या हालचाली, आवाजाच्या दिशेला वळणं. बांधलेल्या डोळ्यांनी रंग पाहणं हे त्यातलं नाही.

'आपल्या पूर्वजांना हे सारं ठाऊक होतं' हा सूर कोशात नको. पण भारतीय दर्शनांना एका जुनाट कोपऱ्यात बसवणंही नको. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, स्मृतीला प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, मानलं नाही. आठवण खरी निघाली तरी ती नवं ज्ञान देत नाही, पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारावर उभी असते, असा त्यांचा युक्तिवाद. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. 'गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता' आणि 'गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता', नुसतं प्रश्नातलं क्रियापद बदललं आणि सांगितलेला वेग बदलला. आठवडाभराने चक्काचूरवाल्यांपैकी जास्त जणांना फिल्ममध्ये नसलेली फुटकी काचही आठवली. हे दोन विचार एक नाहीत. नैयायिकांचा प्रश्न ज्ञान कशाला म्हणावं हा, लॉफ्टस यांचा आठवण कशी बनते हा. पण एकाच नोंदीत शेजारी ठेवले तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातला वकीलही ती नोंद दोनदा वाचेल.

लेखक कोण, याबद्दल एकच सांगते. एकट्या प्राध्यापकाला नोंद देऊ नका. त्याच्याबरोबर ते काम हाताने करणारं कोणीतरी बसवा: थेरपिस्ट, बालवाडीची बाई, मनोरुग्णालयातली परिचारिका, संगणकावर भाषा चालवणारा मुलगा. आणि छापण्याआधी ती नोंद त्या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावी. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य पुन्हा लिहायचं. परिभाषेवरून समित्यांनी वर्षं घालवू नयेत. प्रचलित शब्द घ्या, इंग्रजी असला तर इंग्रजी, आणि पुढे चला. संकेतस्थळ असेल तर ध्वनिफिती ठेवता येतील, संमती घेऊन आणि ओळख झाकून. वाचाघाताचं बोलणं ऐकल्याशिवाय कळत नाही.

आता मागणी. कोशाचा एक शब्द लिहिण्याआधी त्याची लेखसूची तयार करा, नोंदीचं नाव आणि ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे त्याची एक ओळ, आणि ती आपल्या वर्तमानपत्रात छापा. पुरवणीची दोन-तीन पानं जातील, जाहिरात थोडी कमी होईल. वाचकांना महिना द्या. यवतमाळचा शेतकरी, भंडाऱ्याची अंगणवाडी सेविका, इथल्या इंजिनीअरिंगची मुलं काय काय भर घालतात ते बघा. ज्या प्रश्नाला सूचीत नोंद सापडत नाही, त्याची नोंद करा. ज्या नोंदीला कोणाचाच प्रश्न नाही, ती मागे ठेवा. नमुन्यादाखल दहा नोंदी त्याच वेळी पूर्ण लिहून दाखवा, म्हणजे चर्चा हवेत होणार नाही. वाचाघात, तोतरेपणा आणि उशिरा बोलणारं मूल या तीन नोंदींचे कच्चे मसुदे मी देते. मानधन नको, संपादकीय कात्रीला हरकत नाही.

सूचीसाठी पहिली बैठक नागपुरात घ्यावी असं मला फार वाटतं, विदर्भ साहित्य संघात जागा मिळू शकेल. फक्त एप्रिल-मेमध्ये ठेवू नका. पुण्या-मुंबईची मंडळी त्या दिवसांत इथे आली की दुपारी बारानंतर त्यांच्याकडून कूलरची चौकशी सोडून दुसरं काही निघत नाही.

आपली,
एक निवृत्त स्पीच थेरपिस्ट
बजाजनगर, नागपूर